मातीचे देणे फेडणारा माणूस : सर अल्बर्ट हॉवर्ड

चरित्रनायक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हाती तलवार, लेखणी नाहीतर वीणा घेतलेली मूर्ती उभी राहते. कुजणाऱ्या केरकचऱ्याच्या ढिगापाशी उभे राहून त्यात हात घालणारा चरित्रनायक आपल्याला सहसा सुचत नाही. म्हणून या वर्षीच्या अंकासाठी मी मुद्दाम असा एक माणूस निवडला आहे. तो इंग्रज होता, सरकारी नोकर होता, आणि आयुष्याची सव्वीस वर्षे त्याने हिंदुस्थानात काढली. सर अल्बर्ट हॉवर्ड हे त्याचे नाव. जगात जेथे जेथे सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगितला जातो, तेथे आरंभीच्या पानांवर हे नाव येते, आणि त्याच्या शेजारी इंदूर या शहराचेही नाव येते. आपण मात्र दोन्ही नावे विसरलो आहोत.

एका इंग्रज शास्त्रज्ञाचा आणि तिरोड्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या पायाखालीच आहे. आपला मुलूख धानाचा. वस्तीला लागून असलेल्या जमिनीला आपण गावखारी म्हणतो. जुन्या माणसांना विचारा. गावखारीची बांधी म्हणजे घरची सर्वांत कसदार बांधी, असे ती सांगतील. कारण उघड आहे. पावसाळ्यात वस्तीतून वाहणारे पाणी गोठ्यातले शेणमूत, चुलीतली राख, अंगणातला पाचोळा असे सारे घेऊन त्या जमिनीत उतरत असे. गाव खाई ते शेतातून येई, आणि गाव टाकी ते शेतात जाई. आज तीच गावखारी प्लॉट पाडून विकली जाते. तिच्यावर मुरूम पडतो, सिमेंट पडते. जी थोडी उघडी राहते, तिच्यात वस्तीतून वाहत येतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या काचा, संपलेल्या बॅटऱ्या आणि गॅरेजमधले काळे तेल. पूर्वी वस्ती मातीला पोसत होती; आता ती मातीला मारते आहे. हे उलटे कसे झाले आणि सुलटे कसे करावे, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर उराशी बाळगला, त्याचे चरित्र म्हणूनच आपल्या कामाचे आहे.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील बिशप्स कॅसल या लहानशा गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे. मुलगा बुद्धिमान निघाला आणि शिष्यवृत्त्या मिळवीत लंडनमार्गे केंब्रिजला पोहोचला. तेथे त्यांनी निसर्गविज्ञानात पहिला वर्ग मिळविला आणि शेतीची पदविकाही घेतली. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर बुरशीतज्ज्ञ म्हणून गेले. काम काय, तर उसावरचे रोग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि मळेवाल्यांना उपाय सांगायचे. पण सांगितलेला उपाय स्वतः करून पाहायला त्यांच्याजवळ वावभर जमीन नव्हती! प्रयोगशाळेत बसून रोगावर बोलणारा आणि उन्हात उभे राहून पीक काढणारा ही दोन माणसे वेगळी असू नयेत, ही बोच तेथे त्यांच्या मनाला लागली. मला वाटते, त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचे बीज या बोचणीत आहे.

मध्यंतरी दोन वर्षे इंग्लंडमधील वाय येथील कृषी महाविद्यालयात घालवून १९०५ साली ते हिंदुस्थानात आले. बिहारमधील पुसा येथे सरकारने नवी कृषिसंशोधन संस्था उभारली होती. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत त्यांचा विवाह गॅब्रिएल मथाई यांच्याशी झाला. गॅब्रिएलबाई स्वतः केंब्रिजच्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुढे १९१३ मध्ये पुशालाच त्यांना पतीच्या खालोखालची शास्त्रज्ञाची जागा मिळाली. यानंतरची पंचवीस वर्षे या दोघांचे संशोधन वेगळे काढता येत नाही. अहवालांवर दोघांची नावे असत. गव्हाच्या ज्या सुधारित जाती ‘पुसा’ या नावाने देशभर पसरल्या, त्या या दांपत्याच्या परिश्रमाचे फळ होत्या.

पुशाला हॉवर्डांना अखेर स्वतःची म्हणावी अशी ७५ एकर जमीन मिळाली. आता गंमत पाहा. केंब्रिजचा हा पदवीधर आजूबाजूच्या रयतेला शिकवायला आला होता. पण त्यांची पिके पाहिल्यावर तोच शिकायला बसला. त्याला दिसले की शेजारच्या शेतकऱ्यांजवळ ना रासायनिक खत, ना कीटकनाशक, तरी त्यांची पिके बहुधा नीरोगी. मग त्याने ठरविले की हे शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हेच आपले गुरू. कीड ही शत्रू नसून, येथे काहीतरी चुकले आहे असे सांगणारी परीक्षक आहे, असा त्याचा सिद्धान्त बनला. पाच वर्षांच्या या शिष्यत्वानंतर आपली पिके विषारी औषधांवाचून धड राहतात, असे त्यांनी नमूद केले. त्यांचे बैल शेजारच्या आजारी जनावरांच्या तोंडाला तोंड लावत, तरी त्यांना लाळ-खुरकूत झाली नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

पुशाच्या काळातले त्यांचे आणखी एक निरीक्षण मला शहरांच्या संदर्भात फार मोलाचे वाटते. फळझाडांखाली दाट गवत माजू दिले तर झाडे खंगतात, हे सर्वांना ठाऊक होते. पण का, हे ठाऊक नव्हते. हॉवर्डांनी मुळे खणून पाहिली आणि दाखविले की गवताच्या गालिच्याने जमिनीत हवा जाण्यास अडथळा होतो. मुळांना श्वास घ्यावा लागतो, मातीतल्या जिवांनाही घ्यावा लागतो. माती म्हणजे झाडाला उभे करण्याचे निर्जीव मडके नव्हे, तर ती श्वास घेणारी वस्तू आहे. गवताने जर मातीचा श्वास कोंडतो, तर आज आपण झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवतो त्याने काय होत असेल? रस्त्याकडेची कडुनिंबाची, पिंपळाची जुनी झाडे वाऱ्याच्या एका झोतात मुळासकट का उलथतात, याचे एक उत्तर येथे मिळते. मातीवरचे शहराचे पहिले संकट विषाचे नाही, गुदमरण्याचे आहे. झाकलेल्या मातीत पाऊस मुरत नाही, पाने कुजत नाहीत, गांडूळ राहत नाही. अशी माती मेलेली दिसत नाही, कारण ती दिसतच नाही.

पुसा येथे पिकांचा विभाग वेगळा, मातीच्या रसायनाचा वेगळा, किडींचा वेगळा. हॉवर्डांना हे तुकडे मान्य नव्हते. आपल्या कल्पनेप्रमाणे सगळे एकत्र पाहता येईल अशी संस्था त्यांना हवी होती. मध्य हिंदुस्थानातील संस्थानिक आणि मध्यवर्ती कापूस समिती यांनी पैसा दिला, होळकर दरबाराने इंदुरात ३०० एकर जमीन दिली आणि १९२४ मध्ये तेथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. इंदूर म्हणजे मल्हाररावांचे, अहिल्याबाईंचे शहर. दरबारात आणि वाड्यांत मराठी नांदत होती. या शहराच्या कडेला काळ्या जमिनीच्या तुकड्यावर हॉवर्डांनी सात वर्षे जे काम केले, त्यामुळे इंदूरचे नाव जगातल्या शेतीच्या शब्दकोशात गेले.

काम होते खत करण्याचे. चीनमधील शेतकरी हजारो वर्षे एकाच जमिनीत पिके काढूनही तिचा कस कसा राखतात, याचे वर्णन एफ. एच. किंग या अमेरिकन संशोधकाने १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले होते. शेतातून आणि घरातून निघालेला एकही सजीव अंश तेथे वाया जात नसे. हॉवर्डांनी ही जुनी रीत घेतली, तिला शास्त्राच्या कसोटीवर लावले आणि कोणाही शेतकऱ्याला जमेल अशी कृती तयार केली. तीच ‘इंदूर पद्धत’.

ही कृती थोडक्यात सांगतो. पऱ्हाट्या, पाचोळा, तण, कडबा असा सर्व प्रकारचा वनस्पतींचा कचरा मिसळायचा. पऱ्हाट्या टणक, त्या संस्थेच्या रस्त्यावर पसरून ठेवीत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली आपोआप चेचल्या जात. मग उथळ खड्ड्यात किंवा जमिनीवर ढीग रचायचा. एक थर या कचऱ्याचा, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख, त्यावर पाणी. आणि पुन्हा पहिल्यापासून. ढीग दडपायचा नाही, हवा खेळती ठेवायची. काही दिवसांत तो आतून इतका तापतो की हात घालवत नाही. उष्णता ६५ अंशांपर्यंत जाते आणि तणांचे बी व माश्यांच्या अळ्या मरतात. तीन महिन्यांत तीनदा ढीग उलथायचा. पहिले काम बुरशी करते, मग सूक्ष्म जंतू ते पुढे नेतात. शेवटी जे हाती येते त्याला दुर्गंधी नसते. ते काळसर, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या रानासारख्या वासाचे असते.

या कामात हॉवर्डांचे उजवे हात होते यशवंत वाड. १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याविषयीचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. ढिगातल्या रसायनाचे मोजमाप वाडांचे. जगाने पहिले नाव लक्षात ठेवले. निदान आपण तरी दुसरे विसरू नये.

आता मुख्य गोष्ट. हॉवर्डांच्या लक्षात आले की शेतातला कचरा शेतात गेला तरी हिशेब पुरा होत नाही. धान्य, भाजी, चारा यांच्या रूपाने मातीचा कस बैलगाडीत आणि आगगाडीत बसून शहरात जातो, आणि तेथून तो परत येत नाही. शहर तो नदीत सोडते, समुद्रात ढकलते किंवा खड्ड्यात गाडते. शहर हे मातीचे कर्जदार आहे आणि ते कर्ज बुडवते आहे! घेतले ते परत करावे, हा निसर्गाचा नियम हॉवर्डांनी आपल्या विचाराच्या केंद्रस्थानी ठेवला. ते परत गेल्यानंतर जॅक्सन आणि वाड यांनी इंदुरात शहराचा केर आणि मैला यांचे याच पद्धतीने निर्धोक खत करून दाखविले आणि १९३४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९३९ च्या सुमारास बंगलोरला सी. एन. आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी आणखी एक पद्धत बसविली. शहराची घाण म्हणजे शेताचे अन्न, हा विचार त्या दशकात आपल्या देशात चांगला रुजू पाहत होता.

मग तो रुजला का नाही? याची दोन कारणे मला दिसतात, आणि चरित्रनायकाविषयी आदर असूनही ती सांगितली पाहिजेत.

पहिले कारण जातीचे. ढीग रचायचा, मैला ओतायचा, उलथायचा, तो कोणी? हॉवर्डांच्या हिशेबात मजूर होते, पण हे मजूर कोणत्या जातीचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच माथी हे काम का, हा प्रश्न त्यांच्या शास्त्रात बसला नाही. तो प्रश्न आपल्याकडे दुसऱ्या माणसांनी विचारला. कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून उपवास मांडला, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करण्याचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन हाच धडा गावोगाव दिला. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेला कायद्याने बंदी १९९३ मध्ये आणि अधिक कडकपणे २०१३ मध्ये झाली. ज्या समाजात घाण करणारा एक आणि उचलणारा दुसरा असतो, तेथे घाणीचे खत होत नाही. तेथे तिचा फक्त ढीग होतो आणि तो कोणाच्या तरी दाराशी होतो.

दुसरे कारण कचऱ्यानेच आपली जात बदलली हे. हॉवर्डांच्या काळी शहराच्या केरात राख, पाचोळा, भाजीची देठे, शेण, चिंध्या असत. जे टाकले ते कधीतरी जिवंत होते, म्हणून ते पुन्हा माती होऊ शकत होते. आज टोपलीत काय असते ते आपण पाहतोच. प्लास्टिक कुजत नाही, त्याचे फक्त बारीक तुकडे होतात आणि ते मातीत मिसळतात. शिसे, कॅडमियम, पारा हे धातू तर कोणत्याच ढिगाच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. पण त्यापूर्वी रस्त्यांच्या कडेला बसलेले शिसे मातीतून आपोआप निघून जात नाही. रंग, बॅटऱ्या, ट्यूबलाइट यांतून त्यात भर पडते. अशा सरमिसळ कचऱ्याचे खत केले तर आपण मातीला तिचे देणे परत करीत नाही, तिला विष पाजतो. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. नागपूरचा भांडेवाडीचा ढीग तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हे ढीग हॉवर्डांच्या ढिगांचे नेमके उलटे रूप आहे. तेथे तीन महिन्यांत माती होई, येथे पन्नास वर्षांत होत नाही.

हॉवर्डांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९३० मध्ये गॅब्रिएलबाई जिनिव्हा येथे वारल्या. १९३१ मध्ये हॉवर्ड हिंदुस्थान सोडून इंग्लंडला गेले. गॅब्रिएलच्या भगिनी लुईस यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. याच लुईसबाईंनी पुढे १९५३ मध्ये त्यांच्या हिंदुस्थानातील कार्याचा ग्रंथ लिहिला. १९३४ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. इंदूर पद्धत केनियातील कॉफीच्या आणि हिंदुस्थान-सिलोनमधील चहाच्या मळ्यांत पोहोचली. १९४० मध्ये त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, आपला देश स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, त्यांचे निधन झाले.

उतारवयात त्यांचा स्वभाव अधिक हट्टी झाला, असे मला त्यांच्या लेखनावरून वाटते. माती निकोप असली की पिकांना, जनावरांना आणि माणसांनाही रोग होणार नाहीत, असे ते सांगू लागले. हा दावा पुराव्याच्या पुढे जाणारा होता, आणि शास्त्रज्ञांनी तो तसाच्या तसा स्वीकारला नाही. रासायनिक खतांना त्यांनी दिलेला पुरता नकारही धानाच्या शेतकऱ्याला पटणार नाही. युरियाच्या गोणीने काय होते ते तो डोळ्यांनी पाहतो. पण नुसत्या गोणीवर माती किती दिवस जगते, हेही तोच आता पाहतो आहे. उत्तर चुकले तरी प्रश्न खरा असू शकतो. हॉवर्डांचा प्रश्न खरा होता.

तो प्रश्न घेऊन आपण तिरोड्याला परत येऊ. आपल्या गावाजवळ ६६० मेगावॅटचे पाच संच असलेला औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. दगडी कोळसा जळला की राख उरते. आपल्या देशातल्या कोळशात ती साधारणतः शेकडा तीस ते पंचेचाळीस असते. या राखेत विषारी धातूंचा अंश असतो. ती उडाली तर पानांवर बसते, साठवणीतून झिरपली तर माती-पाण्यात उतरते. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विटा भाजण्यासाठी शेताची वरची सुपीक माती खरवडली जाते. तिला वाचवावे म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढून विटा आणि बांधकाम यांत ही राख वापरण्याचा नियम केला, आणि २०२१ मध्ये सर्वच्या सर्व राख वापरण्याचे बंधन घातले. म्हणजे तीच राख उघड्यावर पडली तर मातीचा घात करते, आणि विटेत बसली तर मातीला वाचवते. पदार्थ तोच, तो कोठे जातो यावर सारे ठरते. हॉवर्डांचे सगळे शास्त्र या एका वाक्यात येते, असे मला वाटते.

हेच आपल्या घरच्या टोपलीला लागू आहे. ओले वेगळे, सुके वेगळे, घातक वेगळे, हे २०१६ च्या नियमांनी सांगितले. पुष्कळांना हा नगरपरिषदेच्या घंटागाडीचा त्रास वाटतो. पण मातीच्या दृष्टीने ही चाळणी आहे. ती नसेल तर हॉवर्डांची परतफेड होऊच शकत नाही, कारण परत काय करायचे हेच ठरत नाही. ज्या इंदुरात ते ढीग रचले गेले, त्याच इंदूरला २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळाला. हा मान घरोघर कचरा वेगळा करण्याच्या शिस्तीतून आला, यंत्रे नंतर आली.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरामागे खातकुडा असे. तो दारिद्र्याची खूण मानून आपण बुजविला आणि त्यावर फरशी घातली. मला वाटते, आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी या वर्षी आवारात एक खातकुडा करावा. आवारातला पाचोळा जाळू नये. तो खातकुड्यात जावा. त्यात वसतिगृहाचे आणि उपाहारगृहाचे ओले उष्टे जावे. थर सगळ्यांनी रचावे, कोणा एकाच जातीच्या गड्याने नव्हे. उलथायला प्राध्यापकांनीही हात लावावा. तीन महिन्यांनी जे निघेल ते आवारातल्या झाडांच्या मुळाशी, सिमेंट उकरून, घालावे.

काम लहान आहे आणि त्याला पुतळा लागत नाही. धानाचा जो दाणा आपण खातो, त्याची किंमत आपण दुकानदाराला देतो. मातीला मात्र आपण अजून काहीच दिलेले नाही.